ओहोटी बघायला तीन आठवड्यांत दोनदा कोकणात: एकदा फसलो, एकदा नाद खुळा

स्टार द्यायचे झाले तर पहिल्या ट्रिपला एक, दुसरीला साडेचार. आणि गंमत अशी की ट्रिप काढणारी माणसं तीच, गाडी तीच, गाईड तीच, किनारा पण तोच. मग बदललं काय ते सांगण्यासाठीच एवढं मोठं लिहायला बसलेय, चहा घेऊन वाचा.

ग्रुपचं नाव टाकत नाही. एकतर जे काय सुनवायचं होतं ते फोनवर सुनवून झालंय, आणि दुसरं म्हणजे त्यांनी ऐकून घेतलं, हे आपल्याकडं तसं दुर्मिळच. कोल्हापुरातलीच पोरं आहेत, रविवारी ट्रेक वगैरे काढतात, त्यांनी या सीझनला नवीन चालू केलं, ओहोटीला खडकावर चालत जाऊन समुद्रातले प्राणी बघायचे. पोहायचं नाही, बोट नाही, मास्क नाही. पाणी मागं गेलं की खडकांच्या खळग्यात जे पाणी राहतं त्यात जे काय अडकलेलं, चिकटलेलं, लपलेलं असतं ते बघायचं. मी वाचलं आणि म्हटलं हे भारीय, कारण आपलं कोकण म्हणजे कसं, शुक्रवारी रात्री ठरवायचं, गाडी काढायची, वाळूत पोरांना सोडायचं, सुरमई खायची, सोलकढी प्यायची आणि घाट चढून परत. समुद्र बघितला की नाही, तर बघितला, म्हणजे लांबून. मालवणला एकदा स्नॉर्केलिंग केलं होतं पण तिथं माझा अर्धा वेळ नाकात गेलेलं पाणी काढण्यात गेला त्यामुळं ते धरत नाही.

तर पहिली ट्रिप. डिसेंबरातला रविवार, माणशी १६०० रुपये, एका दिवसाची. पहाटे साडेपाचला दाभोळकर कॉर्नर, मलकापूरला नाष्टा, आंबा घाट, साखरपा, हातखंबा करत रत्नागिरीच्या वर किनाऱ्याला. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही, गाईडनं सगळ्यांना हात जोडून सांगितलंय की लोकेशन टाकू नका, पुढच्या रविवारी तिथं भेळेची गाडी लागेल. ते पटलं मला. तर जाहिरातीत लिहिलं होतं "दुपारी १ ची ओहोटी, आरामात पोचू". हे आरामात शब्द लक्षात ठेवा, सगळी गोम तिथं आहे.

पोचलो अकरा वाजता. ऊन असं की विचारू नका. एक वाजेपर्यंत बसलो आणि पाणी मागं गेलं म्हणजे किती, तर आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगएवढं. बस. वरच्या खडकावर बारक्या गोगलगायी चिकटलेल्या, दोन-चार खेकडे दिसले की सुळकन फटीत, एका खळग्यात गरम झालेलं पाणी आणि त्यात चिप्सचं पाकीट. गाईड मॅडम बिचाऱ्या जीव तोडून सांगत होत्या पण दाखवायला काही नव्हतंच, शेवटी हळूच म्हणाल्या, "आज पाणी जरा कमीच हटलंय." जरा? माझी पोरगी सहावीत आहे, ती म्हणाली, "आई, रंकाळ्यावर यापेक्षा जास्त दिसतं." आमचे हे काही बोलले नाहीत, फक्त १६०० गुणिले तीन असा हिशेब मोठ्यानं केला. तो हिशेब मी परतीच्या घाटभर ऐकला.

आता खरी गोष्ट. घरी आलो तर सासूबाई म्हणाल्या, काय काय बघितलं? मी सांगितलं काही नाही बघितलं आत्ती, पाणीच हटलं नाही. सासूबाईंचं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठचं, पण लग्न होऊन इकडं आल्याला पन्नास वर्षं झाली त्यामुळं आम्ही सगळे त्यांना पक्क्या कोल्हापूरकरच धरतो, तांबडा-पांढरा त्यांच्यासारखा कुणाला जमत नाही. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "अगं आज दशमी. दशमीला कोण जातं कालवं काढायला? भांग असतो. उधाणाला जायचं." मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाल्या, "तिथीची पाऊणपट कर. दहाची पाऊणपट साडेसात, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास घाल, दीड, ही ओहोटी. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. आमच्याकडं शाळेत न गेलेल्या बायकांना पण हे येतं."

मी बँकेत काम करते, दिवसभर आकडेच बघते, आणि मला हे पन्नास वर्षं घरात असलेलं गणित माहीत नव्हतं.

मग मी बसून जरा वाचलं, समजून घेतलं, आणि जे कळलं ते सगळ्यांनी असली कुठलीही ट्रिप बुक करायच्या आधी डोक्यात पक्कं करा. भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोन-दोन वेळा होते, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते, हे भूगोलात होतं, पेपरात लिहिलं आणि विसरलो. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून पाणी भरपूर चढतं आणि तेवढंच खाली पण जातं, हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, मग पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, हा भांग. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो, भांगाचं पण तसंच, म्हणून आमची दशमी अगदी नेमकी तळात सापडली. इथपर्यंत ठीक. पण आता पाऊणपटीचं गणित यावर लावा. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे मोठी ओहोटी कायम सकाळी सहा-सातला नाहीतर संध्याकाळी सहाच्या सुमाराला. आणि भर दुपारची ओहोटी कधी येते? अष्टमी ते दशमीला. म्हणजे आपल्या या किनाऱ्यावर "आरामात पोचू अशी दुपारची ओहोटी" ही नेहमी फुसकीच असणार. नेहमी! ज्यानं कुणी जाहिरातीत दुपारी १ लिहिलं त्यानं नकळत लिहून दिलं होतं की आज काही दिसणार नाही, फक्त आपल्याला वाचता येत नव्हतं.

हे कोल्हापूरच्या माणसाला खरंतर पटकन कळायला पाहिजे. किरणोत्सवाला आपण काय करतो? अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं पायापासून वर चढत मुखापर्यंत जातात, ते नोव्हेंबरात आणि जानेवारी संपता संपता, तेवढ्याच ठरलेल्या दिवसांत, तेवढ्याच मिनिटांत. कुणी म्हणत नाही की आम्हाला रविवारी दुपारी एकला सोयीचं आहे, तेव्हा किरणं पाडा. आपण जातो, आधी जाऊन उभं राहतो. ओहोटीचं पण तसंच आहे हो, आपल्याला फक्त सवय नाही.

सोमवारी ग्रुपला फोन लावला. भांडायलाच लावला होता, लपवून काय करायचं. पलीकडचा पोरगा आधी म्हणाला की निसर्ग आहे मॅडम, गॅरंटी नसते. मी म्हटलं भावा, वाघ दिसायची गॅरंटी नसते, ओहोटीचं टाइमटेबल असतं, वर्षभर आधी छापून येतं. मग जरा गप्प झाला. मग खरं बोलला, की रविवार सोडून सीट भरत नाहीत, आणि सकाळी सहाची ओहोटी धरायची तर आदल्या दिवशी मुक्काम आला, मुक्काम आला की रेट दुप्पट होतो, लोक नको म्हणतात. गाईड मॅडम पण हेच सांगत होत्या त्याला, पण सीटपुढं कोण ऐकतंय. पैसे परत दिले नाहीत. पुढच्या ट्रिपला दहा टक्के सूट दिली आणि म्हणाला तुम्हीच तारीख सांगा. मी कॅलेंडर घेऊन बसलेच होते. जानेवारीत पौष पौर्णिमा शनिवारी, रविवारी प्रतिपदा. एकची पाऊणपट पाऊण, त्यात सहा, म्हणजे पावणेसात. त्यानं टेबल बघितलं, म्हणाला साडेसहा दाखवतंय. पंधरा मिनिटांचा फरक. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "त्यांचं घड्याळ मागं असेल."

दुसरी ट्रिप माणशी ३२०० रुपये, सूट जाऊन २८८०, मुक्काम, शनिवारचं रात्रीचं जेवण, रविवारचा नाष्टा धरून. यावेळी सासूबाई पण आल्या. वय अडुसष्ट, पण म्हणाल्या मी वाळूवर बसेन, मला तो वास घ्यायचाय.

आधी तक्रार. शनिवारी दुपारी १२ ला निघायचं ते पाऊण झाला, एक फॅमिली आलीच नव्हती. मग आंबा घाटात चहा. चहा झाल्यावर वडा. वडा झाल्यावर फोटो. आता जरा विचार करा, पौर्णिमेच्या दिवशी सकाळी जशी मोठी ओहोटी तशी संध्याकाळी पण असणार, साडेपाच-सहाला, सूर्य पण तेव्हाच बुडतो, म्हणजे सोन्यासारखा वेळ, फुकटात दुसरी फेरी झाली असती. आम्ही पोचलो पावणेसातला अंधारात. मी सगळ्यांना ऐकवलं की आपण आत्ता वड्यावर अर्धा समुद्र घालवला. कुणाला फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. हायवेचं काम चालू आहे हे खरं, पण ते जायच्या आधी पण माहीत असतं.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी, स्वच्छ, गाद्या पातळ. जेवण एक नंबर. तांदळाची भाकरी, सुरमई, सोलकढी, आणि मागितल्यावर कालवांचं कालवण, सासूबाईंनी दोनदा घेतलं आणि काही बोलल्या नाहीत. आमच्यातल्या एका काकांनी तिथं पण तांबडा रस्सा मिळेल का विचारलं. असू दे.

पहाटे साडेपाचला उठवलं, चहा-बिस्किट, आणि सहाला अंधारातच बॅटरी घेऊन किनाऱ्यावर. ओहोटीच्या टोकाच्या आधी जायचं आणि पाण्याच्या मागं मागं आत जायचं, टोकाची वेळ झाली की आतून मागं वळायला सुरुवात करायची, पाठ समुद्राकडं करायची नाही. हे मॅडमनी तीन वेळा सांगितलं, बरं केलं. आणि मग उजाडायला लागलं तसं मला कळेना की ही तीच जागा आहे. तीन आठवड्यांपूर्वी जिथं लाटा आपटत होत्या तिथं काळा कातळ, पार आतपर्यंत, खासबाग मैदान मावेल एवढा. आणि त्यावर सगळीकडं पाण्याची डबकी, आरसे मांडल्यासारखी. आणि आवाज! टक, टक, टक, कढईत फुटाणे फुटावेत तसा. मला वाटलं काहीतरी वाळतंय. तर ती कोळंबीची एक जात आहे, एका मोठ्या नांगीचा खटका असा जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा फुटून आवाज होतो, त्या झटक्यानं बारकं भक्ष्य गार होतं. ती स्वतः दिसली नाही, दगडाखाली असते, पण पूर्ण वेळ हा आवाज चालू होता.

मॅडम स्वतः रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या, आणि त्यांचं शिकवणं मला आवडलं कारण त्या वरून सुरू करून खाली गेल्या, म्हणजे कोरड्यातून ओल्यात. एकदम वरच्या खडकावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी फटीत गर्दी करून बसलेल्या, यांना समुद्राचं पाणी क्वचित लागतं, शिंतोड्यावर जगतात, झाकण लावून दिवस काढतात. जरा खाली टोप्यांसारखे चपटे शंख, दगडाला असे चिकटलेले की नखानं हलत नाहीत. त्यातल्या काही जाती पाणी आलं की शेवाळ चरायला फिरतात आणि ओहोटी व्हायच्या आत बरोबर स्वतःच्या ठरलेल्या जागी परत येऊन बसतात, ती जागा दगडात त्यांच्या आकाराची झालेली असते. आमचे हे म्हणाले, "आमच्या ऑफिसात पण आहेत असे." मग बार्नॅकल, ते पांढरे खरबरीत ज्वालामुखीसारखे, ज्यानं पाय सोलपटतात. मी आयुष्यभर त्याला दगडाचाच भाग समजत होते. तर तो कोळंबी-खेकड्यांचा भाऊबंद निघाला! लहानपणी पोहत येतो, दगडावर डोकं चिकटवतो, आजूबाजूला घर बांधतो आणि मग जन्मभर डोक्यावर उभा राहून पायांनी खाणं तोंडात ढकलतो. डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच प्राण्यांवर घालवली म्हणे. पोरीनं हे सोमवारी शाळेत सांगितलं तर बाईंनी विचारलं कुठं वाचलंस. ती म्हणाली, वाचलं नाही, पायाला लागलं.

कालवांच्या पट्ट्यात एक आजी बसल्या होत्या, साडी खोचून, टोकदार लोखंडानं टिक टिक करत वरचं टरफल उडवायचं आणि आतला गर डब्यात. सासूबाई जे तिथं टेकल्या ते शेवटपर्यंत उठल्या नाहीत. पाच मिनिटांत दोघींना एकाच गावातली सोयरीक सापडली. जाताना त्या आजींनी मला फुकट सल्ला दिला तो सगळ्या ट्रिपच्या सूचनांपेक्षा भारी होता: काळ्यावर पाय ठेव, हिरव्यावर ठेवू नको. आमच्यातले एकजण नंतर मॅडमना म्हणाले की आम्हाला हात लावू नका सांगता आणि ती बाई डबा भरून नेते ते चालतं का. मला तर ऐकून लाज वाटली. अहो तिचं पोट आहे ते, तिची आई पण इथंच बसत असेल, आणि तिला भांग कधी, उधाण कधी सगळं माहीत आहे. आपण बघायला आलोय, आपल्याला एक दिवस हात खिशात ठेवायला काय होतंय.

आणि मग खालची डबकी. इथं कसं लिहू कळेना. पहिल्यांदा बघितलं तर काही नसतं. साधं पाणी, तळाला दगड, शेवाळ. मॅडम म्हणाल्या उकिडवे बसा, सावली पाण्यावर पाडू नका, आणि दोन मिनिटं बोलू नका. कोल्हापूरच्या सतरा माणसांना दोन मिनिटं गप्प बसवणं ही पण एक सेवाच, त्याचे वेगळे पैसे घेतले तरी चालतील. आणि खरंच, एक मिनिटानंतर तळ हलायला लागतो. शंख चालायला लागतात, एक नाही, पंधरा-वीस, कारण त्यात गोगलगाय नसतेच, खेकडा असतो, पाठीमागची बाजू मऊ असल्यामुळं दुसऱ्याचा रिकामा शंख घेऊन फिरणारा. वाढला की मोठा शंख शोधायचा, भाड्याचं घर बदलल्यासारखं. आपण किनाऱ्यावरनं पिशवीभर शंख आणतो ते यांच्या घरांचं मार्केट असतं. माझ्या शोकेसमध्ये काचेच्या बरणीत लग्नाआधीपासूनचे शंख आहेत. त्यांचं आता काय करू सांगा, परत नेऊन टाकू का?

मग एका डबक्यात चिखलाचा गोळा वाटावा असं काहीतरी, आणि दुसऱ्या बाजूला तसाच गोळा पाण्याखाली उमललेला, शेवंतीसारखा, टोकांना जांभळट झाक. ते फूल नाही, प्राणी आहे, पाकळ्यांवर बारीक डंख असतात, बारकं काही चुकून लागलं की बधिर आणि आत. ओहोटीत उघडा पडला की पाणी धरून मिटून बसतो. त्याच्या पुढं हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचाच्या गालिचा, हात फिरवावासा वाटतो, पण त्यांच्यातल्या काही जातींत फार जहाल विष असतं, हाताला कापलेलं असेल तर अजिबात नाही. शंकूसारखा नक्षीदार शंख दिसला तर तोही उचलायचा नाही, त्याच्यात विषारी भाला फेकणारी गोगलगाय असू शकते. हे सांगितल्यावर आमच्या ह्यांनी हात जे पाठीमागं बांधले ते नाष्ट्यालाच सोडले.

एके ठिकाणी मॅडम चक्क पालथ्या झोपल्या आणि भिंग लावून नखाएवढी एक गोगलगाय दाखवली, शंख नसलेली, पाठीवर पिसारा. मला खरं सांगायचं तर आधी दिसलीच नाही, हो हो म्हटलं. तिसऱ्यांदा बघितल्यावर दिसली आणि मग काही सुचलं नाही. लहानपणी तिला शंख असतो, मोठी होताना टाकून देते. पुढं मुठीएवढा गिळगिळीत समुद्री ससा, शेवाळ चरत होता, त्याला त्रास दिला की जांभळी शाई सोडतो, आम्ही त्रास दिला नाही, एका पोरानं दिला, त्यामुळं शाई पण बघून झाली. त्या पोराच्या पप्पांना मॅडमनी जे शांतपणे झापलं त्याला वेगळा अर्धा स्टार.

पाण्याच्या कडेला डोक्याएवढी पोवळ्याची ढेकळं होती, जिवंत. मला वाटायचं पोवळं म्हणजे अंदमान नाहीतर अंगठी. इथं, घरापासून साडेतीन तासांवर. त्यावर पाय ठेवला की मेलं, आणि ते उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, समुद्री काकडी नावाच्या प्राण्याला पण तोच कायदा. मला कायद्याआधी पायाची भीती वाटली, मी तिथून अंगठ्यावर चालत बाहेर आले.

आणि ऑक्टोपस. पोरीला दिसला, मॅडमना पण नाही. ती म्हणाली, आई तो दगड श्वास घेतोय. सगळे आले तर दगडच. मग दगडाचा रंग तपकिरीचा करडा झाला, एक हात निघाला, कपारीत गेला आणि बाकीचं सगळं त्या हातामागं ओतल्यासारखं आत. चार सेकंद. तीन हृदयं असतात, रक्त निळसर असतं कारण त्यात लोखंडाच्या जागी तांबं असतं, हे नंतर मॅडमनी सांगितलं. पण तेव्हा कुणी काही विचारलं नाही, गाडीत ब्लूटूथ स्पीकर लावणारा पोरगा पण गप्प. मला पहिल्या ट्रिपचे १६०० गुणिले तीन तिथं वसूल झाले, हे मी ह्यांना सांगितलं, ते म्हणाले, "साडेतीन हजार वसूल, राहिलेले पुढच्या वेळी."

सव्वासातला मॅडमनी शिट्टी मारली. पाणी परत यायला लागलं होतं पण आवाज न करता, मगाशी जिथं उभे होतो तो खडक बघता बघता बेट झाला. यात चेष्टा नाही, मागं राहणाऱ्या दोघांना ओरडून आणावं लागलं. आठला सगळं झाकलं. आत्ता आलेल्या माणसाला सांगितलं असतं की खाली काय आहे तर त्यानं विश्वास ठेवला नसता.

आता बारीकसारीक. बुटांचं नीट वाचा. ट्रिपवाल्यांच्या मेसेजमध्ये नुसतं "योग्य पादत्राणे" लिहिलं होतं. आमच्या ह्यांच्या मते योग्य पादत्राण म्हणजे कापशी कोल्हापुरी. ती घालून हिरव्यावर पाय ठेवला आणि बसले, फार लागलं नाही, पण चप्पल खाऱ्या पाण्यात भिजून वाळली ती आता पापडासारखी झालीय, कर्रकर्र पण वाजत नाही. जुने शाळेचे कापडी बूट, रबरी सोल, पायमोजे घालून, सगळ्यात बेस्ट. सासूबाई ह्यांचेच जुने बूट घालून आल्या होत्या, त्या एकदाही घसरल्या नाहीत.

सतरा माणसांना एक गाईड फार कमी. पुढच्या पाच-सहा जणांना सगळं दिसतं, मागच्यांना फक्त "अय्या" ऐकू येतं. दहाच्या वर घेऊ नयेत, नाहीतर दुसरा गाईड द्यावा. पाय धुवायला, कपडे बदलायला सोय नाही, बायकांची अडचण होते, परत मुक्कामी येईपर्यंत ओल्यातच बसावं लागलं. नाष्ट्याचे पोहे गार. प्रथमोपचाराची पेटी होती, मी उघडून बघितली, त्यात चिमटा आणि भरपूर डेटॉल होतं, ठीक. सात-आठ वर्षांखालच्या पोरांना नेऊ नका, ती कंटाळतात आणि दगड उलटे करतात, आणि दगडाखाली जे चिकटलेलं असतं ते उन्हात मरतं. चुकून उलटला तर होता तसाच परत ठेवायचा. पावसाळ्यात हे बंदच असतं, जूनच्या आत काय ते उरका. आणि मुंबईत गेलेल्यांनी सांगितलं असेल की तिथं किती लांब पाणी हटतं, तर इकडं तेवढं हटत नाही, उत्तरेकडं जाल तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. त्यामुळं आपल्याकडं तर तिथी चुकवून चालतच नाही.

ट्रिपवाल्यांनी आता दुपारच्या ट्रिपा बंद केल्यात, जाहिरातीत तारखेखाली तिथी छापायला लागलेत, ते बघून मला बरं वाटलं. फक्त पुढची जाहिरात टाकली तर सीट भरेनात. फोन केला तर पोरगा वैतागलेला, म्हणाला मॅडम पौर्णिमेची फुल्ल होती, पण येत्या रविवारी अमावस्या आहे, लोक तिथी वाचून फोन ठेवतात, पाच सीट पण गेल्या नाहीत. ओहोटी तेवढीच मोठी, शनिवारी संध्याकाळी साडेपाचची आणि रविवारी पहाटे सहाची, दोन्ही मिळणार, आणि माणसं निम्मी. माझ्या दृष्टीनं याहून चांगलं काही नाही.

चार सीट बुक केल्यात. आमच्या ह्यांच्या घरी अमावस्येला गाडी बाहेर काढत नाहीत, त्यामुळं मी घरात फक्त तारीख सांगितलीय. सासूबाईंनी कॅलेंडर बघितलं असणारच. काही बोलल्या नाहीत, काल बूट तेवढे धुऊन गच्चीत उन्हात ठेवले.